बॅटरी बदलण्याआधी

ताई, गटाचा टेम्पो सकाळी बाजाराला निघताना नुसता टकटक करतो? "बॅटरी गेली" म्हणून लगेच नवी घेऊ नका. गाडी बंद ठेवून बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा थर साफ करा, नट आवळा. पान्याला हात लावण्याआधी अंगठी, धातूच्या बांगड्या काढा बरं!

तरी अडली, तर मल्टिमीटर लावायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दिसायला हवेत. 12 च्या खाली म्हणजे बॅटरी उतरलीय. का उतरली? धक्का मारून गाडी चालू करा, पुन्हा मोजा. साधारण 14 आले तर चार्जिंग होतंय. 12 वरच अडले तर दोष अल्टरनेटर, पट्टा नाहीतर वायरीत. मग नवी बॅटरीही उतरणारच, आणि गटाचे पैसे पाण्यात. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून कुणी 'चेक' करायला लागला तर त्याला थांबवा. त्याने अल्टरनेटर जळू शकतो.