शब्द ओठांवर अडतो तेव्हा

एडिसन (न्यू जर्सी) : आपल्या धर्माबादला पोर अडीच वर्षांचं झालं तरी बोलेना, की घरचे म्हणतात, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ मग वेखंड उगाळून चाटवायचं, बासरला सरस्वतीपुढे अक्षराभ्यास करून आणायचा. इथे माझ्या शेजारी राहणाऱ्या मराठी-तेलुगू घरात असंच एक पोर आहे.

त्याला सगळं समजतं. ओठाला श्रीखंड लागलं की जीभ बरोबर तिथे पोचते. ‘जीभ दाखव’ म्हटलं की तोंड नुसतं चाचपडत राहतं. ‘आजी’ एकदा ‘आदी’ होते, लगेच ‘बाई’ होते. ही अप्रॅक्सियाची लक्षणं. स्नायूंत बळ असतं, काय म्हणायचं तेही ठरलेलं असतं. पण ओठ, जीभ, जबडा कोणत्या क्रमाने हलवायचे, हे मेंदूला नीट जुळवता येत नाही. इतक्या लहान वयात पक्कं निदान कुणी घाईने करत नाही. उपचार मात्र त्यासाठी अडत नाहीत.

अमेरिकेने १९७५ साली अपंग मुलांच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला आणि १९८६ साली तीन वर्षांखालच्या मुलांचीही सोय त्यात केली. या पोरासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागली नाही, आईनेच या सेवेला फोन केला. तिथून ४५ दिवसांत तपासणी आणि उपचारांची आखणी व्हावी, असा नियम आहे. तपासणी फुकट, आणि शक्यतो घरच्या भाषेत. पुढच्या तासांना या राज्यात उत्पन्नाप्रमाणे पैसे पडतात. तिसऱ्या वाढदिवसानंतर जबाबदारी शाळेकडे जाते, आणि तिथे पुरेसे तास मिळवायला आईबापांना अनेकदा भांडावं लागतं.

थेरपिस्ट घरी येते, गालिच्यावर पोरासमोर बसते. ‘माझ्याकडे बघ’ म्हणत दोघं एकदम, अगदी सावकाश, ‘आ-जी’ म्हणतात. जमलं की ती आपला आवाज काढून घेते, नुसते ओठ हलवते. शब्द मोजकेच, पण पुन्हा पुन्हा तेच. तिने ते आईलाच विचारून घेतले : आजी, पाणी, नको, अम्मम्मा. दोन भाषांनी पोर गोंधळतं, ही समजूत तिने पहिल्याच दिवशी खोडून काढली.

आपल्याकडेही २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायला हवं, आणि उशिरा बोलणं त्याच्या तपासणीच्या यादीत आहे. पथक आलं की अशा पोराला पुढे करा. आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायची चिठ्ठी मागा. ‘बोलेल हळूहळू’ म्हणून कुणी वाटेला लावलं, तरी चिठ्ठी घेतल्याशिवाय उठू नका.