प्राणवायूवाचून श्वसन

'प्राणवायू' ही संज्ञा या वायूवाचून प्राण नाही असे सुचविते. 'श्वसन' हा शब्दही 'श्वस्' धातूमुळे वायूचीच आठवण देतो. उष्णताप्रिय जीवाणूंच्या बाबतीत हे दोन्ही संकेत अपुरे पडतात.

उनपदेव, उनकेश्वर या नावांतच 'ऊन' आहे. अशा झऱ्यांचे पाणी जितके अधिक तापलेले, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. सुमारे ७० अंश सेल्सियसला उत्तम वाढणाऱ्या 'थर्मस थर्मोफिलस' या जीवाणूचे काही वाण प्राणवायूच्या अभावी नायट्रेटचा आश्रय घेतात. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन पेशीपटलातील विकरांच्या साखळीतून वाहतात व त्या प्रवाहातून पेशीला ऊर्जा मिळते. शेवटी नायट्रेट ते इलेक्ट्रॉन स्वीकारते आणि त्याचे नायट्राइट होते. काही वाण येथेच थांबतात. काही त्यापुढे नायट्रोजनची वायुरूप संयुगे बनवितात. ही क्षमता जनुकांसह एका वाणाकडून दुसऱ्याकडे, उसन्या शब्दाप्रमाणे, जाऊ शकते, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

तेव्हा इलेक्ट्रॉन बाहेरील स्वीकारकापर्यंत पोहोचवून ऊर्जा मिळविणे, हीच श्वसनाची व्यापक व्याख्या होय. संज्ञा बदलण्याचे कारण नाही. मात्र व्युत्पत्तीलाच व्याख्या मानण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा.