दिव्यानं दिवा लागतो

मैत्रिणींनो, परवा आमच्या लोणीत एका घरी डोहाळजेवणाला गेले होते. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, ताटात पाच पक्वान्नं. सगळं कसं छान! आणि सासूबाई हळूच सुनेला म्हणाल्या, "आजचा दिवस खा. उद्यापासून बेतानंच. बाळ मोठं झालं की अडतं." पोरीनं मान खाली घातली. खरं सांगते, मीही काही बोलले नाही. पाहुणी म्हणून गेलेली, कसं बोलणार?

घरी आले आणि मला जामखेडची आठवण झाली.

आपलं लोणी-धामणी म्हणजे आंबेगाव तालुक्याचा कोरडा भाग. पाण्यासाठी वणवण म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जामखेडही तसंच, तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं दुष्काळी गाव. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आलं. दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९६० साली लग्न झालं, तेव्हाच खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं दोघांनी ठरवलं होतं.

त्याआधी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काम केलं होतं. तिथं एक गोष्ट त्यांना खुपायची. बरं होऊन गेलेलं मूल काही दिवसांनी त्याच जुलाबानं, त्याच अशक्तपणानं पुन्हा दारात! औषध दवाखान्यात आणि आजाराचं मूळ घरात, गावात. मग नुसत्या दवाखान्यानं काय होणार?

जामखेडला आल्यावर त्यांनी आधी लोकांचं ऐकलं. लोकांना औषधापेक्षा पाणी आणि पोटभर अन्न हवं होतं. १९७२च्या दुष्काळात तर आणखीच. म्हणून कूपनलिका आल्या, मुलांसाठी आहार आला, शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला गेला. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथंच यायचं. विटाळाचं भूत भाषणानं गेलं नसतं, ते हंड्यानं हललं.

पण खरी कमाल पुढेच आहे. शिकलेल्या नर्स खेड्यात एकट्या राहायला तयार होईनात. मग गावातलीच बाई निवडायची ठरली. अनेक जणी निरक्षर, काही दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. "हिला काय कळतंय?" असं जिच्याबद्दल गाव म्हणायचं, तीच आरोग्य सेविका झाली. दर आठवड्याला जामखेडला जायचं, शिकायचं, तिथंच एका मोठ्या गोधडीत सगळ्या जातींच्या बायांनी मिळून झोपायचं. गरोदर बाईनं काय खावं, पहिलं चिकाचं दूध बाळाला का द्यावं, बाळंतपणात हात आणि नाळ कापायचं पातं स्वच्छ का हवं, हे त्या शिकल्या आणि घरोघरी सांगत फिरल्या.

फरक पडला का? १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजारातली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली हा आकडा ५२ वर आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशात २००५ नंतर 'आशा' ताई आल्या, त्यामागेही जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. त्यांची मुलं, डॉ. शोभा आणि रवी, यांनी काम पुढे चालवलं.

त्यांच्यातल्या एक सेविका, मुक्ताबाई पोळ, १९८८ साली वॉशिंग्टनच्या सभेत बोलल्या. छताला झगमगती झुंबरं होती. त्या झुंबरांना त्यांनी डॉक्टरांची उपमा दिली. सुंदर, पण महाग. आणि स्वतःला म्हटलं साधी पणती. पण पणतीनं दुसरी पणती लावता येते, झुंबरानं नाही!

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या घरी गेले. सुनेशी नाही, सासूबाईंशीच बोलले. चहा घेता घेता म्हटलं, "वहिनी, पोटुशी बाई उपाशी राहिली तर बाळ कमी वजनाचं होतं, आणि अशा बाळाला जपणं फार अवघड. आशाताईला एकदा विचारून तर बघा." त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी असंच सांगायचे हो." त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना जे सांगितलं गेलं, तेच त्या सांगत होत्या.

निघताना बघितलं, तर सुनेच्या ताटात दुसरी भाकरी होती. वर डाळ, मेथीची भाजी. वाढणाऱ्या सासूबाईच.

मैत्रिणींनो, तुमच्याही आळीत अशी एखादी पोर असेल. जाल ना तिच्याकडे?