जुन्या लष्करी रायफलीसाठी पुढील साइटची निवड

पिंपरी-चिंचवडलगतच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) जिची काडतुसे तयार होत, त्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीचे पुढील पाते युद्धासाठी योजलेले होते. वर्तुळाकार लक्ष्यावर मात्र वलयाकार साइट अधिक उपयुक्त ठरते. कारण वर्तुळात वर्तुळ मध्यभागी आणणे डोळ्यास सोपे जाते. अर्थात, मागील साइट छिद्राची असेल तरच. क्रमांक १ रायफलीच्या मूळ खाचेशी वलय जुळत नाही. तेथे पातेच बरे. वलयाचा व्यास लक्ष्यावरून ठरवावा. ३०० मीटरवरील ६०० मिलिमीटरचा काळा भाग डोळ्यापासून एक मीटर अंतरावर २ मिलिमीटर एवढा भासतो. वलय याच्या किमान दीडपट हवे. नवोदित नेमबाज बहुधा घट्ट वलय निवडतो. मग भोवतीची पांढरी कड नाहीशी होते आणि नेम ढळल्याचे त्याला कळतच नाही.