सायकलचे फ्रीव्हील: दुरुस्ती की बदल?

पायडल मारले की मागचे चाक ओढणे आणि पाय थांबले की ते मोकळे फिरू देणे, हे फ्रीव्हीलचे काम. आत स्प्रिंगवर बसवलेले छोटे खटके असतात. ते आतल्या दातांत अडकले की चाकाला जोर मिळतो. काळ्या मातीच्या गावात पावसाळ्यात चिखल आत शिरतो, जुने ग्रीस घट्ट होते आणि खटके मिटलेलेच राहतात. मग पायडल नुसतेच पुढे फिरते. चढावर उभे राहून पायडल मारताना असे झाले तर तोल जाऊन पडण्याचा धोका असतो, म्हणून दुखणे अंगावर काढू नये.

आधी साखळी पाहावी. ती बाहेरच्या दातांवरून उड्या मारत असेल तर दोष खटक्यांचा नसून त्या झिजलेल्या दातांचा किंवा ताणलेल्या साखळीचा असतो. अशा वेळी फ्रीव्हील आणि साखळी एकत्र बदलणे बरे. साखळी ठीक असेल तर चाक आडवे ठेवून फटीतून रॉकेल किंवा डिझेल सोडावे, फ्रीव्हील उलटे फिरवत राहावे, मग पातळ तेल घालावे. एकसारखी टिकटिक परतली तर खर्च वाचला.

धुऊनही घसरत असेल तर खटके किंवा आतले दात झिजले आहेत. साधे फ्रीव्हील स्वस्त असते, त्यामुळे बारीक छर्रे सांभाळत ते उघडण्यापेक्षा नवे घ्यावे. फिरताना फ्रीव्हीलचे किंचित डगमगणे मात्र दोष नव्हे.

कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, असलेल्या गिअरच्या सायकलीत ही खटक्यांची यंत्रणा चाकाच्या मधल्या हबला जोडलेली असते. बऱ्याच हबमध्ये ती १० मिमीच्या षटकोनी चावीने सुटते. त्याच हबला बसणारा भाग मिळाला तर पूर्ण चाक बदलावे लागत नाही.