चित्त आणि चित्र : संकटकाळातील निर्मितीचा विचार

पालि भाषेत 'चित्त' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक अर्थ मन आणि दुसरा अर्थ चित्र. संस्कृतात हे दोन वेगळे शब्द आहेत; परंतु पालित 'त्र' या जोडाक्षराचा 'त्त' होत असल्यामुळे 'चित्र' हा शब्दही 'चित्त' असाच झाला. व्याकरणाच्या दृष्टीने हा केवळ ध्वनिपरिवर्तनाचा परिणाम होय. तथापि भगवान बुद्धांनी या ध्वनिसाम्याचा आधार घेऊन एक मूलगामी विचार मांडला आहे. तो संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तातील दुसऱ्या गद्दुलबद्ध सुत्तात आढळतो. संकटाच्या काळात माणसाने आपली निर्माणशक्ती का जोपासावी, या प्रश्नाचे उत्तर या सुत्ताच्या साहाय्याने शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतून उद्भवलेला नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मालवणच्या किनाऱ्याला झोडपून काढले. त्याआधीचे वर्ष महामारीचे आणि टाळेबंदीचे होते. पुढे पालिचा वर्ग पुन्हा भरू लागला तेव्हा किनाऱ्यावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, घराची कौले उडाली, होडी फुटली, घरातले माणूस गेले. अशा वेळी गाथा पाठ करून काय होणार?" त्या वेळी दिलेल्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही आणि प्रस्तुत लेखकाचेही झाले नाही.

चरणचित्त

उपर्युक्त सुत्तात बुद्ध भिक्खूंना विचारतात की, 'चरण' नावाचे चित्र तुम्ही पाहिले आहे काय? भिक्खू होकार देतात. हे चरणचित्र कोणते, याचा खुलासा बुद्धघोषाचार्यांनी अट्ठकथेत केला आहे. 'संख' नावाच्या ब्राह्मण संप्रदायाचे लोक कापडाचा एक कोठा करीत, त्यावर सुगती आणि दुर्गती यांची, वैभवाची आणि विपत्तीची नाना दृश्ये काढवून घेत आणि ते चित्र घेऊन फिरत. अमुक कर्म केले म्हणजे अमुक फळ मिळते, हे ते लोकांना चित्रावरून दाखवीत. चरण म्हणजे फिरणारे चित्र. चित्र दाखवून कथा सांगण्याच्या भारतीय परंपरेच्या जुन्या उल्लेखांपैकी हा एक होय. पुढे विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात आणि बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त यमपट घेऊन हिंडणारे लोक भेटतात, ते याच परंपरेतील.

हे चित्रकार बुद्धांच्या संघातील नव्हते. तरीही बुद्ध त्यांचा उपहास करीत नाहीत. ते एवढेच दाखवून देतात की, ते चित्रही मनानेच कल्पिलेले आहे आणि म्हणून मन हे त्या चित्राहूनही अधिक वैविध्यपूर्ण आहे. त्यानंतर दुसरी उपमा येते. रंगारी किंवा चित्रकार लाख, हळद, नीळ, मंजिष्ठा असे रंग घेऊन गुळगुळीत फळीवर, भिंतीवर किंवा वस्त्रावर स्त्रीची अथवा पुरुषाची सर्वांगपूर्ण आकृती रेखाटतो. त्याचप्रमाणे सामान्य माणूस रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हीच पुनःपुन्हा निर्माण करीत असतो.

याचा अर्थ असा की, निर्मिती ही मोजक्या प्रतिभावंतांची मिरासदारी नाही. प्रत्येक मन अखंड चित्रे काढीत असते. भय हे एक चित्र आहे, द्वेष हे एक चित्र आहे आणि आशा हेही एक चित्र आहे. आपण चित्रकार व्हावे की न व्हावे, हा प्रश्नच येथे उरत नाही. आपण काय रेखाटतो आहोत याचे भान आपल्याला आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

पिंगुळीचा दाखला

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या कला पिढ्यानपिढ्या सांभाळल्या. चित्रकथीत एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एकेक चित्र फळीला टेकवून प्रेक्षकांसमोर धरतो, त्यावरील प्रसंग गाऊन आणि बोलून सांगतो आणि मग पान उलटतो. साथीला तंतुवाद्य, हुडुक आणि झांज असते. आख्याने बहुतांशी रामायण-महाभारतातील. परंतु त्यांचे शब्द कागदावर नसतात, ते मुखपरंपरेने येतात. पोथीत चित्र आहे आणि कथा चित्तात आहे, असे येथे अक्षरशः म्हणता येते.

बुद्धकालीन चरणचित्र आणि पिंगुळीची चित्रकथी यांच्यात थेट वंशपरंपरा आहे, असे आम्ही सुचवीत नाही. साम्य आहे ते कार्यपद्धतीचे. तेवढे साम्यही प्रस्तुत विवेचनास पुरेसे आहे.

या कलेला सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि तो आश्रय संपला. सिनेमा आला, करमणुकीची नवी साधने आली, देवळांतील खेळ कमी झाले. ज्यांचे पोट या कलेवर होते त्यांनी मोलमजुरी पत्करली. पुष्कळ जुन्या पोथ्या संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत गेल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रे आज पाहावयास मिळतात. अभ्यासकांमध्ये ती दीर्घकाळ 'पैठणी चित्रे' या नावाने ओळखली जात. ज्यांनी ती जपली त्या पिंगुळीचे नाव त्यात नव्हते. दारिद्र्यामुळे वस्तू हातातून जाते आणि मागाहून तिच्यावरचे नावही जाते, हे या इतिहासातील खरे दुःख होय.

अशा स्थितीत श्री. परशुराम आत्माराम गंगावणे यांनी ही कला सोडली नाही. उरलेल्या पोथ्या आणि बाहुल्या त्यांनी जपल्या, मुलांना विद्या दिली आणि गुरांच्या गोठ्याचे रूपांतर 'ठाकर आदिवासी कला आंगण' या संग्रहालयात केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. याच समाजाच्या बाहुल्यांच्या खेळाचा आधार घेऊन सावंतवाडीचे लेखक प्रवीण बांदेकर यांनी 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' ही कादंबरी लिहिली आणि तिला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या खेळाला प्रेक्षक उरले नव्हते, तो आजच्या काळाविषयी बोलण्याचे साधन ठरला.

पिंगुळीच्या उदाहरणातून सुत्ताचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. चित्र मनाने कल्पिलेले असल्यामुळे ज्या मनाला ते घडविण्याचे शिक्षण मिळाले आहे, ते मन शाबूत असेपर्यंत गेलेले चित्र पुन्हा काढता येते. जुनी पोथी परत येत नाही आणि ती हानी लहान नव्हे. परंतु हात आणि स्मृती जिवंत असतील तर परंपरा संपत नाही.

खुंट्याला बांधलेला कुत्रा

आता सुत्ताच्या नावाकडे वळू. 'गद्दुलबद्ध' म्हणजे गळपट्ट्याने बांधलेला. भक्कम खुंट्याला बांधलेला कुत्रा चालला तरी खुंट्याभोवतीच चालतो, बसला तरी खुंट्याजवळच बसतो. पंचस्कंधांनाच 'मी' आणि 'माझे' मानणाऱ्या माणसाची हीच अवस्था असते, असे बुद्ध सांगतात.

संकटात सापडलेल्या मनाची गतीही अशीच असते. वादळ एका रात्रीत निघून जाते. मन मात्र महिनोन्‌महिने त्याच रात्रीभोवती फिरत राहते. निराशा म्हणजे चित्रांचा अभाव नव्हे. एकच चित्र पुनःपुन्हा काढणे म्हणजे निराशा. हाताने काही घडविण्याचे, कंठाने काही म्हणण्याचे महत्त्व येथे आहे. जो नवी आकृती रेखाटतो त्याला निदान त्या क्षणापुरते कळते की, पहिले चित्रही आपणच काढीत होतो. आशा या शब्दाचा बौद्ध दृष्टीने एवढाच अर्थ घ्यावा. सर्व काही ठीक होईल अशी ती हमी नव्हे. आजची स्थिती कारणांनी घडलेली आहे आणि कारणे बदलता येतात, ही ती जाणीव होय.

याचा अर्थ बुद्धांनी कलेचा सरसकट गौरव केला असा नाही. तालपुट नावाच्या नटप्रमुखाने त्यांना विचारले होते की, लोकांना हसविणारा नट मृत्यूनंतर हसऱ्या देवांमध्ये जन्मतो हे खरे काय? बुद्धांनी दोनदा उत्तर टाळले आणि तिसऱ्यांदा स्पष्ट सांगितले की, आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेल्या प्रेक्षकांना जो अधिक बांधतो, त्याची गती चांगली नसते. तालपुट रडला, आणि त्याने प्रव्रज्या घेतली. परंतु त्याने शब्द टाकून दिले नाहीत. थेरगाथेत त्याच्या नावावर ५५ गाथा आहेत आणि त्यांचा मोठा भाग त्याने स्वतःच्या चित्ताला उद्देशून केलेले भाषण आहे. जुन्या नटाने आपली कला आता स्वतःच्या मनासमोर उभी केली. दशावताराच्या भूमीत वाढलेल्या वाचकाला यातील नाट्य वेगळे समजावून सांगावयास नको.

आकाशावरील चित्र

चित्रकाराची आणखी एक उपमा मज्झिमनिकायातील ककचूपम सुत्तात आहे. एखादा मनुष्य तेच रंग, म्हणजे लाख, हळद, नीळ आणि मंजिष्ठा, घेऊन आला आणि मी या आकाशावर चित्रे काढतो असे म्हणू लागला, तर त्याला ते जमेल काय? भिक्खू म्हणतात की जमणार नाही, कारण आकाशाला रूप नाही. तो मनुष्य फक्त थकेल. इतरांच्या कठोर वचनांसमोर आपले मन तसे ठेवावे, असा तेथे उपदेश आहे.

या दोन उपमा एकत्र वाचल्या असता प्रतिकाराची बौद्ध व्याख्या हाती येते. दुसऱ्याच्या द्वेषाचे रंग आपल्यावर चढू द्यावयाचे नाहीत, तेथे आकाश व्हावयाचे. आणि स्वतःचे चित्र काढण्याचा अधिकार सोडावयाचा नाही, तेथे चित्रकार व्हावयाचे. केवळ पहिली गोष्ट केली तर ती निष्क्रियता होते. केवळ दुसरी केली तर द्वेषाला द्वेषाचेच चित्र उत्तर म्हणून काढले जाण्याचा धोका असतो.

थेरीगाथेत ७३ थेरींच्या गाथा आहेत. त्यांतील सुमंगलमाता ही, अट्ठकथेनुसार, वेताची कामे करणाऱ्याच्या घरी दिलेली होती. मुक्तीचे वर्णन करताना ती मुसळ, मडके आणि निर्लज्ज नवऱ्याची छत्री यांचीच नावे घेते. ज्या वस्तूंनी तिला बांधले, त्यांनाच तिने काव्याचे साहित्य केले. याच कोकणात, रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावातील ऊर्मिला पवार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. वडिलांच्या मृत्यूनंतर आई ती विणून घर चालवीत असे. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांत लेखिकेला एकच धागा दिसला. आंबेडकरी चळवळीत भीमराव कर्डकांचा जलसा आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी यांनी हेच कार्य केले. जेथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते आणि पोहोचले तरी वाचता येत नव्हते, तेथे गाण्याने माणसाला स्वतःचे नवे चित्र दिले. दुसऱ्यांनी काढलेले हीनतेचे चित्र नाकारण्याची ती रीत होती.

साठ भिक्खू

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. गाथा पाठ करून काय होणार?

अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकथेत सिंहलद्वीपातील एक वृत्तांत आहे. बंडाळी आणि दुष्काळ यांमुळे पुष्कळ भिक्खू समुद्र ओलांडून भारतात निघाले. साठ भिक्खू मात्र किनाऱ्यावरूनच मागे फिरले आणि डोंगराळ प्रदेशात कंदमुळे व पाने खाऊन राहिले. अंगात शक्ती असे तेव्हा ते बसून पाठ करीत. शक्ती नसे तेव्हा वाळूचा उंचवटा करून, त्याभोवती पडून, डोकी एकत्र आणून ते मनातल्या मनात उजळणी करीत. बारा वर्षांनी परदेशी गेलेले भिक्खू परतले. दोघांचे पाठ ताडून पाहिले तेव्हा एका अक्षराचाही फरक आढळला नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तिपिटक ग्रंथारूढ झाले, त्यामागे अशा अनुभवांची पार्श्वभूमी आहे.

त्या साठ जणांच्या पठणाने दुष्काळ हटला नाही. आपल्या पठणानेही वादळ थांबणार नाही आणि फुटलेली होडी सांधली जाणार नाही. होडीसाठी सुतार हवा, नुकसानभरपाई हवी आणि तिच्यासाठी भांडावे लागले तर भांडणेही हवे. कलावंताच्या सहनशक्तीचे कौतुक करून समाजाची जबाबदारी संपत नाही. सन्मानपत्राने चूल पेटत नाही. परंतु होडी दुरुस्त झाल्यावर ती समुद्रात घालणारे मनही शिल्लक असावे लागते. ते मन संकट आल्यावर एकाएकी तयार होत नाही. रोज थोडे म्हणणे, थोडे लिहिणे, थोडे विणणे, आणि जे येते ते एका लहान मुलाला शिकविणे, एवढ्याने ते घडत जाते. पिंगुळीच्या गोठ्यात आणि सिंहलद्वीपाच्या वाळूवर याहून वेगळे काही घडले नाही.

तो विद्यार्थी वर्ग सोडून गेला नाही. या पावसाळ्यात तो धम्मपद मुलांना शिकवितो. त्याने लेखकाला पुन्हा तो प्रश्न विचारलेला नाही. आता त्याचे विद्यार्थी तो त्याला विचारतात.