कामावरचा थकवा: टॉनिकच्या आधी कामाची जागा तपासा

नाशिकच्या सातपूर-अंबड परिसरातील कारखान्यांत काम करणारे अनेक रुग्ण डोकेदुखी, पायात गोळे, अंग गळून जाणे अशा तक्रारी घेऊन येतात आणि ‘सलाइन लावा’ म्हणतात. रक्त तपासणी बऱ्याचदा ठीक असते. मग कारण कामाच्या जागी शोधावे लागते.

नियम कशासाठी?

१९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि सलग ५ तासांहून जास्त काम न करता किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. पाणी, उजेड, खेळती हवा, स्वच्छतागृह हेही त्यात आले. सुट्टीची वेळ ठरलेली असली की ती साहेबांच्या मर्जीवर राहत नाही आणि थकव्याने हात चुकण्याआधीच शरीराला आराम मिळतो.

शरीरात काय घडते?

- पाणी: वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी घटले तरी लक्ष आणि ताकद कमी होऊ लागते. ६० किलोच्या माणसात हे म्हणजे जेमतेम सव्वा लिटर. स्वच्छतागृह नीट नसल्याने अनेक महिला पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग आणि मुतखड्याचा धोका वाढतो.
- आवाज: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज कानांना घातक असू शकतो. असे गेलेले ऐकू येणे सहसा परत येत नाही.
- शिफ्ट: झोपेचे घड्याळ हळूहळू बदलते. सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने शिफ्ट बदलल्यास शरीराला सोपे जाते.

तुम्ही काय कराल?

गरम जागी काम असेल तर दर १५-२० मिनिटांनी कपभर पाणी प्या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजा. हृदय किंवा किडनीचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ सुपरवायझरला आधीच सांगून ठेवावी. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला घरच्यांनी दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत झोपू द्यावे.

उन्हात किंवा भट्टीजवळ काम करताना कोणी बरळू लागला, बेशुद्ध पडला किंवा छातीत दुखू लागले, तर लगेच १०८ ला फोन करा. उष्णतेचा त्रास असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन अंग ओले करा आणि वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

डॉक्टरांकडे जाताना कामाचे तास, शिफ्ट आणि जागेची माहिती जरूर सांगा. निदानाला तीही लागते.